शैक्षणिक कर्जमाफीच्या वादात दुर्लक्षित राहिलेले कलम

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या कर्जमाफीविषयी आपल्या दैनिकात आलेले लेख आणि त्यावरील वाचकांची पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. काही पत्रलेखकांना ही माफी म्हणजे करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी वाटते. इतरांच्या मते आपल्याकडेही शेतकऱ्यांप्रमाणे विद्यार्थ्यांची कर्जे सरकारने एकदा माफ करून टाकावीत. नोकरीची बहुतेक वर्षे एका बँकेच्या विधी आणि वसुली विभागात गेल्यामुळे मला या वादातील जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, तिचा उल्लेख मात्र एकाही पत्रात आढळला नाही. कर्ज फेडणे खरोखरच अशक्य झालेल्या माणसासाठी कायद्याने जी शेवटची वाट ठेवलेली असते, ती दिवाळखोरीची, म्हणजे न्यायालयाकडून उरलेली कर्जे रद्द करून घेण्याची, वाट अमेरिकेने विद्यार्थ्यांपुरती टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि सरसकट माफीच्या मागणीला जो जोर आला त्याचे एक मोठे कारण तिथे आहे. तीच वाट आपल्या संसदेनेही २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ७९ मध्ये कागदोपत्री बंद करून ठेवली आहे. ती तरतूद सामान्य कर्जदारांना अजून लागू झालेली नाही, म्हणूनच हे पत्र आत्ता लिहिणे मला आवश्यक वाटते.

अमेरिकेची कथा थोडी मागून सांगावी लागेल. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधील सॅन मार्कोस येथे, ज्या महाविद्यालयात ते स्वतः शिकले होते तिथेच जाऊन, उच्च शिक्षण कायद्यावर स्वाक्षरी केली. बँकांनी विद्यार्थ्यांना कर्ज द्यावे आणि ते बुडाल्यास सरकारने भरून द्यावे, अशी हमी या कायद्यातून मिळाली. १९७२ मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी, परत न करावे लागणारे अनुदान सुरू झाले, जे पुढे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यानंतरच्या दशकांत महाविद्यालयांची फी भराभर वाढत गेली, अनुदान तिच्या मागे पडत गेले आणि मधले अंतर कर्जाने भरून निघू लागले. आज एकट्या केंद्र सरकारचे विद्यार्थ्यांकडील येणे सुमारे १ लाख ६० हजार कोटी डॉलर असून कर्जदारांची संख्या सव्वाचार कोटींच्या घरात आहे.

कर्ज वाढत असतानाच त्यातून सुटण्याची वाट अरुंद होत गेली. पदवी मिळाली की लगेच दिवाळखोरी जाहीर करून हात झटकणारे तरुण वाढले आहेत, अशी ओरड १९७० च्या दशकात सुरू झाली. प्रत्यक्षात परतफेडीस आलेल्या कर्जांपैकी एक टक्क्याहूनही कमी कर्जे दिवाळखोरीतून रद्द झाली होती, असे तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या पाहणीत दिसून आले होते. तरीही १९७६ मध्ये, परतफेड सुरू झाल्यापासून पाच वर्षे विद्यार्थी कर्ज दिवाळखोरीत रद्द होणार नाही, असा कायदा झाला. १९९० मध्ये पाचाची सात वर्षे झाली. १९९८ मध्ये वर्षांची अटच काढून टाकण्यात आली, म्हणजे बंदी कायमची झाली, आणि २००५ मध्ये खासगी बँकांच्या विद्यार्थी कर्जांनाही हेच संरक्षण देण्यात आले. दरम्यान १९९१ मध्ये सरकारी विद्यार्थी कर्जाच्या वसुलीवरील मुदतीचे बंधनही उठवले गेले होते. आपल्याकडे साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि ती उलटू नये म्हणून आम्ही वसुली विभागात कर्जदाराकडून कर्जकबुलीच्या पत्रावर सह्या घेत असू. अमेरिकन सरकारला आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही काळजी करावीच लागत नाही. थकबाकीदाराच्या पगारातून, न्यायालयाचा हुकूम न घेता, १५ टक्क्यांपर्यंत रक्कम कापून घेता येते. १९८० च्या दशकात घेतलेल्या कर्जापोटी एका वृद्धाच्या सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनातून झालेली कपात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवली.

‘अवाजवी हालअपेष्टा’ सिद्ध केल्यास दिवाळखोरीत सूट मिळण्याची तरतूद कायद्यात शिल्लक आहे, हे खरे. पण १९८७ च्या ब्रुनर खटल्यापासून न्यायालयांनी तिचा अर्थ इतका कडक लावला की किमान राहणीमान सांभाळता येत नाही, ही स्थिती परतफेडीच्या उरलेल्या काळातही बहुधा तशीच राहणार आहे आणि आजवर फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केलेला आहे, या तिन्ही गोष्टी कर्जदाराने स्वतंत्र दावा लावून सिद्ध कराव्या लागतात. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत, त्याने यासाठी वकील कुठून करायचा? नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या न्याय आणि शिक्षण खात्यांनी आपल्या वकिलांसाठी काहीसे सौम्य निकष जाहीर केले, परंतु ते प्रशासकीय सूचनांच्या स्वरूपात आहेत; मूळ कायदा बदललेला नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, तर ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी जाहीर केलेल्या योजनेकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहता येते. वार्षिक उत्पन्न सव्वा लाख डॉलरपेक्षा कमी असलेल्यांचे १० हजार डॉलरपर्यंतचे आणि पेल अनुदान घेतलेल्यांचे २० हजार डॉलरपर्यंतचे कर्ज रद्द होणार होते. सुमारे २ कोटी ६० लाख लोकांनी आपली माहिती भरली. खर्चाचा अंदाज ४० हजार कोटी डॉलरच्या आसपास होता. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, युद्ध आणि राष्ट्रीय आणीबाणीच्या काळासाठी केलेल्या २००३ च्या एका कायद्याचा आधार या योजनेला घेतलेला होता. ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली. एवढा मोठा निर्णय संसदेच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येणार नाही, असा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालाचा रोख होता. न्यायमूर्ती केगन यांच्या भिन्न मतानुसार अधिकार कायद्याच्या शब्दांतच दिलेला होता आणि न्यायालय धोरणकर्त्याच्या जागी जाऊन बसले होते.

माझे मत विचाराल तर, निकालाच्या कायदेशीर बाजूविषयी दुमत असू शकते, पण सरसकट माफी हा मार्ग मला तेव्हाही योग्य वाटला नव्हता. अमेरिकेत पंचविशीपुढील निम्म्याहून अधिक लोकांकडे पदवी नाही. ट्रक चालवणाऱ्याच्या करातून भावी वकिलाचे कर्ज फिटावे का, हा प्रश्न तिथले सामान्य लोक विचारत होते, आणि त्यांना अडाणी किंवा निर्दय म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होते. ज्यांनी पोटाला चिमटा काढून हप्ते फेडले त्यांना काय उत्तर द्यायचे, हाही प्रश्न खराच आहे. त्याहून मोठी अडचण ही की एकदा रक्कम वजा केल्याने पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या फीमध्ये एका डॉलरचाही फरक पडत नाही. सरकारी मदत वाढली की महाविद्यालये फी वाढवतात, असा आक्षेप शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी १९८७ मध्येच घेतला होता. तो सर्व महाविद्यालयांना सारखा लागू पडतो की नाही यावर अर्थतज्ज्ञांत वाद असला, तरी पदव्युत्तर शिक्षणासाठी फी आणि राहण्याचा खर्च मिळून जेवढा होईल तेवढे कर्ज देण्याच्या धोरणाने फीवरचा उरलासुरला अंकुश काढून घेतला, असे मला वाटते. जुलै २०२५ च्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे हे अमर्याद कर्ज जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करून सर्वसाधारण पदव्युत्तर अभ्यासक्रमांना १ लाख आणि वैद्यक, विधी यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना २ लाख डॉलरची मर्यादा घातली. ही मर्यादा आवश्यक होती. पण आधीच अडकलेल्यांना सोडवण्याचा विचार त्या कायद्यात नाही. उलट त्यातील नव्या परतफेड योजनेत उरलेली रक्कम रद्द होण्यासाठी तीस वर्षे हप्ते भरावे लागणार आहेत.

सरसकट माफीला विरोध करताना आपण आणखी एक गोष्ट विसरतो. बायडेन यांच्या काळात ५० लाखांहून अधिक लोकांचे १८ हजार कोटी डॉलरहून अधिक कर्ज खरोखर रद्द झाले आणि त्यातील फार मोठा भाग पूर्वीच कायद्याने दिलेल्या वचनांचा होता. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या स्वाक्षरीने झालेल्या कायद्यानुसार, जो शिक्षक, परिचारिका किंवा सरकारी कर्मचारी दहा वर्षांत १२० हप्ते नियमाप्रमाणे भरील, त्याचे उरलेले कर्ज रद्द व्हायला हवे होते. पहिली तुकडी २०१७ मध्ये पात्र झाली. जून २०१८ पर्यंत सुमारे २८ हजार लोकांनी अर्ज केले आणि कर्ज रद्द झाले अवघ्या ९६ जणांचे. कुणाचे कर्ज ‘चुकीच्या’ प्रकारचे होते, कुणाची परतफेड योजना ‘चुकीची’ होती; आणि ते चुकीचे आहे हे अनेकांना दहा वर्षे हप्ते भरून झाल्यावर कळले. ज्याने आपला शब्द पाळला त्याला सरकारने आपला शब्द पाळून दाखवणे याला मी औदार्य म्हणणार नाही. तीच गोष्ट कॉरिंथियन या, २०१५ मध्ये बंद पडलेल्या नफेखोर महाविद्यालय-साखळीची. नोकरीची खोटी आकडेवारी दाखवून तिने प्रवेश भरले. तिच्या ५ लाख ६० हजार माजी विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज २०२२ मध्ये रद्द करण्यात आले. फसवणूक झालेल्या मुलाकडून त्याच फसवणुकीचे पैसे वसूल करत राहणे कोणत्याही न्यायबुद्धीत बसत नाही.

आता आपल्याकडे वळतो. आपल्याकडे शैक्षणिक कर्जमाफीची मागणी नवी नाही. फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी मार्च २००९ पर्यंत घेतलेल्या कर्जांवरील, डिसेंबर २०१३ अखेर थकलेले व्याज सरकार भरेल असे जाहीर केले होते. त्याचा लाभ सुमारे ९ लाख कर्जदारांना होईल आणि २,६०० कोटी रुपये लागतील, असा अंदाज त्यांनी दिला होता. केरळ सरकारने २०१७ मध्ये परतफेडीला साहाय्य करणारी योजना आणली. काँग्रेसच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात १५ मार्च २०२४ पर्यंतची थकीत शैक्षणिक कर्जे व्याजासह रद्द करण्याचे आश्वासन होते. दुसरीकडे व्याज-अनुदानाच्या योजना आहेत: साडेचार लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना शिक्षणकाळातील व्याजाची सवलत आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना. या योजना उपयुक्त आहेत. पण त्या कर्ज घेताना आणि शिकत असताना मदत करतात. शिक्षण संपले, नोकरी मिळाली नाही किंवा मिळाली ती हप्त्यालाही पुरेना, यानंतर काय करायचे याचे उत्तर त्यांत नाही.

हे उत्तर नसल्याने काय होते ते मी जवळून पाहिले आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार असतात. आमच्या भागातील एका कुटुंबातील मुलाने तारणाशिवायच्या मर्यादेत कर्ज काढून विनाअनुदानित महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्याला जी नोकरी लागली तिचा पगार पुण्यातील खोलीभाडे आणि खानावळीतच संपत असे. खाते थकले, व्याज चढत गेले, आणि काही काळाने वडील ट्रॅक्टरसाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा मुलाच्या थकबाकीमुळे त्यांचाच पतअहवाल खराब झाल्याचे त्यांना कळले. बँकेने एकरकमी तडजोडीचा, म्हणजे थकबाकीचा काही भाग एकदम भरून खाते मिटवण्याचा, प्रस्ताव ठेवला. पण एकरकमी तडजोडीला एकरकमी पैसे लागतात, आणि ते असते तर खाते थकलेच नसते. त्या कुटुंबाला द्यायला माझ्यापाशी नियमांत बसणारे काहीही नव्हते. त्यांची नियत साफ होती, हे त्यांच्या खात्यात अधूनमधून पडणाऱ्या पाचशे-हजारांच्या नोंदींवरून कुणालाही दिसले असते.

अशा कुटुंबासाठीच दिवाळखोरीचा कायदा असतो. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आपण कंपन्यांच्या संदर्भात रोज वाचतो. मोठमोठ्या कंपन्यांचे निराकरण होताना बँकांना सरासरीने दाव्यांच्या सुमारे एक-तृतीयांश रकमेवर समाधान मानावे लागते, हेही आता कुणाला नवे वाटत नाही. याच संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींच्या नादारीची तरतूद आहे. १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. सामान्य माणसांसाठी तो अजून अंमलात आणलेला नाही आणि त्यांना आजही १९०९ आणि १९२० चे ब्रिटिशकालीन कायदेच लागू आहेत. या तिसऱ्या भागातील कलम ७९ च्या पोटकलम १५ मध्ये ‘वगळलेल्या कर्जां’ची यादी आहे: न्यायालयाने केलेला दंड, निष्काळजीपणा किंवा कराराचा भंग यांसाठीची नुकसानभरपाई, पोटगी आणि त्याच रांगेत विद्यार्थी कर्जासंबंधीचे दायित्व. कलम १३९ नुसार दिवाळखोर व्यक्ती इतर कर्जांतून मुक्त झाली तरी वगळलेल्या कर्जांतून मुक्त होत नाही. ज्याचे वार्षिक उत्पन्न ६० हजारांपेक्षा, मालमत्ता २० हजारांपेक्षा आणि कर्ज ३५ हजारांपेक्षा अधिक नाही, अशा अगदी हातावर पोट असलेल्या माणसासाठी संहितेत ‘नवी सुरुवात’ नावाची प्रक्रिया आहे. तिच्यातूनही शिक्षणासाठी घेतलेले कर्ज बाहेर ठेवलेले आहे. शिवाय कलमाची शब्दरचना इतकी व्यापक आहे की माझ्या वाचनानुसार सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या आईवडिलांचे दायित्वही तिच्यात ओढले जाऊ शकते.

याचा अर्थ असा की हा भाग उद्या लागू झाला, तर धंद्यासाठी, मोटारीसाठी किंवा क्रेडिट कार्डावर केलेल्या खर्चासाठी घेतलेले विनातारण कर्ज दिवाळखोरीत रद्द होऊ शकेल, पण मुलीच्या परिचर्या अभ्यासक्रमासाठी घेतलेले कर्ज मात्र होणार नाही.

ही तरतूद इंग्लंडच्या कायद्याशी मिळतीजुळती आहे, असे तिचे समर्थक म्हणतील, आणि ते खरेही आहे. इंग्लंडनेही २००४ पासून विद्यार्थी कर्जे दिवाळखोरीतून वगळली आहेत. परंतु तिथे कर्जाची परतफेडच उत्पन्नाशी बांधलेली आहे. २०२३ पासून प्रवेश घेतलेल्यांना वर्षाला २५ हजार पौंडांच्या वरच्या उत्पन्नाच्या ९ टक्के एवढाच हप्ता भरावा लागतो, उत्पन्न त्याखाली गेले की हप्ता थांबतो आणि चाळीस वर्षांनी उरलेली रक्कम आपोआप रद्द होते. म्हणजे तिथे एक दार बंद करताना दुसरे उघडे ठेवले गेले. आपण बंद करण्याचा भाग तेवढा उचलला. आपल्याकडे ठरलेला हप्ता ठरलेल्या तारखेला भरावाच लागतो, मग पगार असो वा नसो.

सवलत दिली तर विद्यार्थी शिकून झाल्याबरोबर दिवाळखोरी घेतील, हा आक्षेप माझ्या जुन्या सहकाऱ्यांनीही माझ्यापुढे मांडला आहे. त्यांनी संहितेची पुढची कलमे वाचावीत. दिवाळखोर घोषित झालेल्या व्यक्तीला मुक्तता मिळेपर्यंत लोकसेवक होता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय परदेशी जाता येत नाही. फसवणुकीने घेतलेले कर्ज तर मुक्ततेनंतरही कायम राहते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा किंवा परदेशातील नोकरीकडे डोळे लावून बसलेला तरुण हे सारे हौसेने ओढवून घेईल, असे मला वाटत नाही. तरीही शंका उरत असेल, तर परतफेड सुरू झाल्यापासून सात वर्षांनंतरच शैक्षणिक कर्ज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत घेता येईल, अशी अट घालावी. अमेरिकेत १९९० ते १९९८ या काळात तशीच अट होती.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे हा प्रश्न पुढे अधिक तीव्र होणार आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांत महाराष्ट्रातील मुलामुलींचा वाटा लहान नाही. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना अमेरिकन सरकारचे कर्ज मिळत नाही, त्यामुळे तिथल्या माफीचाही त्यांच्याशी संबंध येत नाही. त्यांचे कर्ज बहुतेक वेळा इथल्या बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे असते आणि रक्कम मोठी असली की तारण इथल्या घराचे असते. तिथे नोकरी लागेल या भरवशावर आखलेले परतफेडीचे गणित व्हिसाच्या एका नियमाने कोलमडू शकते, आणि अशा वेळी तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखालची नोटीस बोस्टनला किंवा डल्लासला जात नाही. ती नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या घराच्या दारावर लागते. तारणावरील बँकेचा हक्क दिवाळखोरीतही शाबूत राहतो आणि तो राहिलाच पाहिजे. पण घर विकूनही जी बाकी उरते, ती तरी आईवडिलांच्या उरलेल्या आयुष्यावर लादलेली असू नये.

म्हणून माझी आपल्या दैनिकाला आणि राज्यातील सर्वपक्षीय खासदारांना विनंती आहे की, ‘कर्ज माफ करा’ आणि ‘माफ करू नका’ या दोन घोषणांपलीकडे जाऊन कलम ७९(१५) मधील विद्यार्थी कर्जाचा उल्लेख वगळण्याची, किमान त्याला सात वर्षांची मर्यादा घालण्याची दुरुस्ती मागावी, आणि तीही संहितेचा तिसरा भाग सामान्य नागरिकांना लागू होण्यापूर्वी. शैक्षणिक कर्जाला दंडाच्या आणि पोटगीच्या रांगेत बसवण्याचा निर्णय कोणत्या आकडेवारीच्या आधारे घेतला, किती भारतीय विद्यार्थ्यांनी दिवाळखोरीचा गैरफायदा घेतल्याचे सरकारला आढळले होते, हा प्रश्न लोकसभेत लेखी विचारता येईल. त्याचे उत्तर आपण ठळकपणे छापावे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
सांगली